भिंतीआडची भिंत : नागपूरच्या फ्लॅटमध्ये आवाज कोंडायला लागलेले साडेसहा महिने

१९ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी विश्वचषकाची फायनल होती. आमच्या स्कीममधल्या (नागपुरात फ्लॅटच्या इमारतीला स्कीम म्हणतात) प्रत्येक घरात टीव्ही मोठ्याने लागलेला, त्यामुळे आमचा सबवूफर (खालच्या, धमधमणाऱ्या सुरांचा स्पीकर) कोणाच्या कानावर आला असेल तरी कोणी काही बोललं नाही. बेल वाजली ती पुढच्या शनिवारी, २५ तारखेला, रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी. दारात शेजारच्या ताई.

"राग नको मानू हं, पण पोरगी अभ्यास करून राहिली. भिंतीतून नुसती धमधम येते."

मुलगी बारावीला, शिवाय नीटची तयारी. तिची अभ्यासाची खोली आणि आमची सिनेमा पाहायची खोली यांच्यात एकच भिंत आहे, साडेचार इंची विटेची. त्या रात्री सिनेमा अर्धवट सोडला आणि लाजून झोपले. सकाळी नियम शोधले. सन २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र धरली जाते दहा ते सहा. म्हणजे ताई वीस मिनिटं थांबून आल्या होत्या.

सिनेमाचं वेड घरात मला आहे, नवऱ्याला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचे साडेसहा महिने प्रत्येक दुकानदार आणि मिस्त्री "साहेबांना विचारून सांगा" म्हणत राहिला. मी एका ऑफिसात हिशेब पाहते. सवयीने या कामाचीही वही ठेवली. खालचे आकडे आणि तारखा तिच्यातल्या.

पहिली चूक डिसेंबरमध्येच झाली. एका दुकानात 'साऊंडप्रूफ' फोम मिळाला. खाचाखाचांचा, काळा, स्टुडिओच्या फोटोत दिसतो तसा. दुकानदार म्हणाला, भिंतीला चिकटवा, टाचणी पडली तरी बाहेर ऐकू जाणार नाही. १६ डिसेंबरच्या शनिवारी दोन माणसं येऊन चिकटवून गेली. साडेअठरा हजार. खोली लगेच वेगळी वाटायला लागली, बोलताना आवाज कोरडा, घुमणं बंद. मी खूश. ताईंना फोन करून विचारलं. "पहिले येत होता तेवढाच येऊन राहिला," त्या म्हणाल्या. मग दोघींनी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाकलं. आमच्या खोलीत ८५ असताना त्यांच्याकडे आधी ४८ येत होते, फोम लावल्यावर ४७. (मोबाइलचे हे आकडे काटेकोर नसतात. पण तोच फोन, तीच जागा, पंखा बंद, एवढं पाळलं तर आधीचा आणि नंतरचा फरक कळण्यापुरते पुरतात.)

इथे मला जे समजायला महिना लागला ते दोन ओळींत लिहिते. आवाज शोषणं हे एक काम आणि आवाज अडवणं हे दुसरं. फोम, गोधडी, गालिचा, अंड्यांचे ट्रे हे खोलीच्या आतली घुमघुम कमी-जास्त प्रमाणात शोषतात; पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, आणि वजनाला फट असून चालत नाही. विहिरीवर जाळी टाकून पाणी झाकल्यासारखं मी केलं होतं.

आता वजन किती? भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण पाच-सहा डेसिबल जास्त अडतात. कानाला आवाज निम्मा वाटायला दहाएक डेसिबल कमी व्हावे लागतात. आमची प्लास्टरसकट साडेचार इंची भिंत चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात. तिला नऊ इंची केलं तर तेवढंच वजन आणखी स्लॅबवर, आणि मिळणार फक्त पाच-सहा डेसिबल. हा हिशेब मांडल्यावर विटेचा नाद सुटला. दुसरा रस्ता असा की जुन्या भिंतीला न शिवता, मधे पोकळी सोडून, हलकी दुसरी भिंत उभी करायची. पोकळीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी), वर जिप्सम बोर्डाचे दोन थर. दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या नसल्या की एकीची थरथर दुसरीला पोचत नाही. खोलीच्या आत खोली.

मुंबईच्या एका सल्लागाराने पूर्ण आराखड्याचे साठ हजार सांगितले. मी एक तासाचा व्हिडिओ कॉल घेतला, चार हजारांत. ते चार हजार या सगळ्या कामात सर्वांत चांगले गेले. कॉलच्या आधी खोलीची मापं, चारही भिंतींपलीकडे काय आहे, खिडकी, दार, एसीच्या पाइपाचं भोक, सगळं कागदावर काढून पाठवा. नाहीतर तासातला अर्धा तास "तुमचं दार कुठं उघडतं" यातच जातो. खोली १७ बाय १२, उंची साडेनऊ फूट. आमचा मजला वरचा, तिसरा. डोक्यावर गच्ची, खाली एक आजी-आजोबा, एका बाजूला ताई, पश्चिमेला खिडकी. सल्लागारांनी स्पष्ट सांगितलं : एकच भिंत करून भागणार नाही. एक बाजू बंद केली की आवाज जमिनीतून आणि बाजूच्या भिंतींतून वळसा घालून जातो. चारही भिंती, छत, जमीन. आणि सबवूफरचा आवाज पूर्ण थांबेल अशी आशा धरू नका. नव्या भिंतीची स्वतःची एक थरथर असते. दोन थर बोर्ड, म्हणजे चौरस मीटरला सतरा-अठरा किलो, आणि दहा सेंटिमीटर पोकळी धरली तर ती साधारण ४५ हर्ट्झच्या (सेकंदाला ४५ कंपनांच्या) आसपास पडते. त्याच्या वर भिंत चांगलं काम करते, खाली नाही. सिनेमातले स्फोट नेमके तिथेच असतात.

मग परवानगी. १४ जानेवारीच्या रविवारी स्कीमच्या कमिटीची मीटिंग होती. मी अर्ज दिला, विषय लिहिला 'होम थिएटर बांधकामाबाबत'. तो एक शब्द मला महिनाभर महागात पडला. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहून विचारलं, "थिएटर काढून राहिले का? तिकीट किती ठेवाल?" सगळे हसले, पण एकाने गंभीरपणे मांडलं की निवासी फ्लॅटचा व्यावसायिक वापर होईल. दुसऱ्याने वजनाचा मुद्दा काढला, तिसऱ्याने सामाईक भिंतीचा. अर्ज परत. तुम्ही लिहाल तेव्हा 'बैठकीच्या खोलीत ध्वनिरोधक अस्तर बसवण्याबाबत' असं लिहा. तेच काम, पण कोणाच्या डोळ्यांसमोर तिकीट खिडकी येत नाही.

दुसऱ्या खेपेला सोबत काय जोडलं ते सांगते, म्हणजे तुमच्या दोन खेपा वाचतील. खोलीचा साधा नकाशा. स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र (पाच हजार, त्यांनी येऊन पाहिलं, नवी भिंत चौरस मीटरला बावीस-तेवीस किलो भरते म्हणजे विटेच्या भिंतीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, असं लिहून दिलं). बीम, कॉलम, सामाईक भिंत आणि इमारतीची बाहेरची बाजू यांना हात लावणार नाही असं तेव्हा चालणाऱ्या शंभराच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. आणि शेजारच्या ताईंचं व खालच्या आजोबांचं 'हरकत नाही' पत्र. या शेवटच्या दोन कागदांनी काम झालं. ११ फेब्रुवारीला ना हरकत दाखला मिळाला, वीस हजार अनामत भरून. अटी : सामान लिफ्टने न्यायचं नाही, काम ११ ते १ आणि ३ ते ५ याच वेळात, बारावीचे पेपर संपेपर्यंत सुरुवात नाही, आणि नीटच्या आधीचे दहा दिवस ड्रिल अजिबात नाही.

नीट ५ मेला होती. जिच्या अभ्यासासाठी हे करायचं, तिच्याच अभ्यासाच्या दिवसांत भिंतीला ड्रिल लावायचं. ताईंना हे मी बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तिचा क्लास दुपारीच असते, तेव्हाच ठोका काय ठोकायचं ते."

फेब्रुवारी-मार्च सामान जमवण्यात गेले. रॉकवूल मागवताना मी ६४ घनता सांगितली होती, म्हणजे घनमीटरला ६४ किलो. पाकिटावर चिकटवलेला कागद फाटलेला. शंका आली म्हणून एक स्लॅब घरातल्या वजनकाट्यावर ठेवला. मीटरभर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, ५० मिलिमीटर जाड स्लॅब ६४ घनतेचा असेल तर १ किलो ९२० ग्रॅम भरायला हवा. भरला १ किलो ४५० च्या आसपास. म्हणजे ४८ घनतेचा माल. दुकानदार आधी "सेमच असते मॅडम" म्हणाला, मग वजन ऐकून गप्प झाला. गंमत अशी की सल्लागारांना विचारलं तर ते म्हणाले पोकळीत ४८ पण चालेल, फरक फारसा पडत नाही. मी माल ठेवला, पैसे ४८ च्या भावाने दिले. वजनकाटा आणि साधा गुणाकार, एवढंच लागतं. आणि रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मास्क; मी उघड्या हाताने तो एक स्लॅब उचलला आणि दोन दिवस कोपरापर्यंत खाजवत होते.

२५ मार्चला धुळवड, २६ ला काम सुरू. फॉल्स सीलिंग करणारी चार जणांची टीम, बालाघाटकडची. आधी फोम काढला. फोमबरोबर भिंतीचा रंग आणि पुट्टीही आली. साडेअठरा हजारांचं ते काळं प्रकरण गोणीत भरून गच्चीच्या जिन्याखाली ठेवलं. अजून तिथेच आहे, कोणाला हवं असेल तर फुकट.

जमिनीचं काम आधी होतं. टाइल्सवर दाट रबराच्या पट्ट्या, त्यावर सिमेंट बोर्ड, त्यावर आडवा-उभा करून प्लाय, आणि चारही कडांना भिंतीपासून बोटभर मोकळी जागा. कडेला फळी भिंतीला टेकली की रबर घातल्याचा उपयोग उरत नाही. ४७ हजार. हे नीट झालं, कारण तेव्हा मी घरी होते.

मग मार्चअखेर आला. हिशेबाच्या कामात असलेल्यांना सांगायला नको. २९ मार्चपासून पुढचा आठवडा मी रात्री नऊला घरी येत होते. ६ एप्रिलच्या शनिवारी सकाळी पाहते तर ताईंच्या बाजूच्या भिंतीवर पत्र्याचा सांगाडा उभा, रॉकवूल भरलेलं, बोर्डाचा पहिला थर लागलेला. सफाईदार काम. मी ताईंना पलीकडे भिंतीला कान लावायला सांगितला आणि इकडून बोर्डावर बोटाने टकटक केलं. "अगं, दारावर वाजवल्यासारखं येऊन राहिलं!"

मिस्त्रीला विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं की सांगाडा हलू नये म्हणून त्याने मागच्या भिंतीला क्लिपा मारल्या होत्या. बावीस. "बिना क्लिप के दीवार हिलेगा मैडम, बाद में आप ही बोलोगे." त्याच्या जागी तो बरोबर होता, आयुष्यभर त्याने ऑफिसांच्या भिंती केल्या, तिथे हलणं हाच दोष. पण आमच्या भिंतीला सुटं ठेवायचं हेच सगळं काम होतं, आणि त्या बावीस लोखंडी क्लिपा म्हणजे बावीस पूल. सात बोर्ड उतरवले, त्यातले तीन मोडले. क्लिपा काढल्या, भोकं बुजवली, आणि सांगाड्याला ताकद यावी म्हणून उभे स्टड (पत्र्याचे खांब) दोन फुटांऐवजी सोळा इंचांवर घेतले, वर-खाली पट्टीखाली रबरी टेप. अकरा हजार आणि पाच दिवस. चूक निम्मी माझी. 'भिंतीला स्पर्श नको' हे मी तोंडी सांगितलं होतं, तेही मराठीत, नकाशावर लाल पेनाने लिहिलं नव्हतं. नंतर मी लाल पेनाने 'दीवार को छूना नहीं' असं कागदावर लिहून चारही भिंतींना चिकटवलं. गुढीपाडवा असा झाला : दारात गुढी, आत बोर्ड उतरवणं.

दुसऱ्यांदा बोर्ड लावताना शेजारी बसूनच राहिले. पहिल्या थराचे सांधे जिथे येतात तिथे दुसऱ्या थराचे सांधे येऊ द्यायचे नाहीत. कडेने पाव इंच फट सोडायची आणि ती पीओपीने नाही, कायम मऊ राहणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटने भरायची. पीओपी कडक होतं, भिंत थोडी हलली की केसाएवढी चीर पडते. सीलंटच्या सेहेचाळीस नळ्या लागल्या. मिस्त्री शेवटी म्हणाला, "इतना तो बाथरूम में भी नहीं लगता." स्विचबोर्डही भिंतीत कोरून बसवले नाहीत, बोर्डावर वरून पेट्या लावल्या. दिसायला जुनाट, पण प्रत्येक कोरलेली पेटी म्हणजे एक खिडकी. छताच्या वेळी हाच वाद झाला. टीमला छतात बारा गोल दिवे बसवायचे होते. "बारा भोकं?" मी म्हटलं. एकही नाही. छत रबरी हँगरवर टांगलं आणि दिवे भिंतीवर लावले.

१९ एप्रिलला पहिल्या टप्प्याचं मतदान, नागपुरात आणि बालाघाटकडेही. टीम १७ ला गावी गेली, २४ ला परतली. २५ पासून ड्रिलबंदी. तो काळ वाया जाईल असं वाटलं होतं, पण सीलंट, जॉइंट टेप, पुट्टी, रंगाचा पहिला हात ही सगळी बिनआवाजाची कामं त्यातच उरकली. वेळापत्रक करताना आवाजाची आणि बिनआवाजाची कामं वेगळी लिहून ठेवा. भिंती आणि छत मिळून सामान-मजुरीसकट १ लाख ४७ हजार, क्लिपांचे अकरा हजार सोडून. जिन्याने सामान चढवायची हमाली यातच धरली आहे. बोर्ड एकेक एकोणीस किलोचा, तीन मजले.

आता दार. सर्वांत जास्त शिकले ते दाराकडून. फ्लॅटमधल्या आतल्या दारांना हल्ली उंबरठा नसतो. टाइल सरळ आत जाते आणि दाराखाली अर्धा इंच मोकळं. तेवढी फट म्हणजे दाराच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त जागा. आणि ५० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत शंभरातला एक भाग उघडा राहिला तर ती भिंत जेमतेम २० डेसिबलची उरते. दीड लाखाच्या भिंती आणि दाराखालून आवाज सरळ बाहेर, असा तो मामला. लकडगंजच्या लाकूडबाजारात तीन फेऱ्या मारल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला पटकन ओळखलं. म्हणाला, चौकट म्हणजे चार लाकडं, तुमच्या फ्लॅटवाल्यांनी खालचं एक खाऊन टाकलं. महाल भागातल्या जुन्या वाड्यांचं दार लावलं की उंबरठ्यावर टेकत होतं, चारही बाजूंनी बसत होतं. त्याने सागाचा उंबरठा घालून पूर्ण चौकट केली, ४५ मिलिमीटरचं भरीव दार, वजन पंचावन्न किलोच्या पुढे, म्हणून चार बिजागऱ्या. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी गॅस्केट, खाली दार लावल्यावर आपोआप उतरणारी पट्टी. ३४ हजार. बसवलं ११ मेला. तपासायची रीत त्यानेच दाखवली : दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही. बिजागरीच्या बाजूला दोन ठिकाणी निघाली, त्याने बिजागरी सरकवून दिली. सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवशी उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलं, सिनेमाच्या खोलीच्या.

खिडकीला बाहेरून हात लावायचा नव्हता. आतून तिच्या मापाचं प्लाय, रॉकवूल आणि बोर्डाचं जाड झाकण केलं, कडेने गॅस्केट, दोन कड्या. मे महिन्यात पश्चिमेचं ऊन तसंही नको असतं.

तरी १८ मेच्या चाचणीत ताईंकडे ४० येत होते. कुठून? खोलीत अंधार करून बाहेरून टॉर्च फिरवला, काही दिसलं नाही. मग उदबत्ती पेटवली, पंखा बंद, आणि भिंतीच्या कडेकडेने फिरले. एसीच्या इनडोअर युनिटमागे धूर एकदम आत ओढला गेला. पाइपाचं अडीच इंची भोक. एसीवाल्याने पुन्हा बसवताना (साडेचार हजार) त्यात जुन्या बनियनचा बोळा कोंबला होता. ते भोक दाट पुट्टीने दोन्ही बाजूंनी भरलं. दोनशे रुपये. आकडा ३५ वर आला.

या सगळ्यात एक गोष्ट मी आधी विचारातच घेतली नव्हती, ती म्हणजे श्वास. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, नवी आणत नाही. इतकी बंद खोली, सहा माणसं, अडीच तासांचा सिनेमा. पहिल्याच बैठकीत मध्यंतरापर्यंत सगळे जांभया देत होते आणि मला वाटलं सिनेमा कंटाळवाणा आहे. मग हवा येण्याची आणि जाण्याची अशी दोन भोकं केली, प्रत्येकासमोर प्लायची पेटी. आत नागमोडी वाट आणि रॉकवूलचं अस्तर. हवा वळत वळत जाते, आवाज प्रत्येक वळणावर जिरतो. सहा इंची पंखा हळू फिरवला तर त्याची कुरकुर ऐकू येत नाही. जोरात फिरवला तर येते. साडेचौदा हजार. भिंती उभ्या करतानाच हे केलं असतं तर मेच्या शेवटी, ऐन नवतप्यात (उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस), तयार बोर्डात भोक पाडायची वेळ आली नसती. त्याच आठवड्यात शहरात ५६ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी आली, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आमच्या सुताराला तो खुलासा काही पटला नाही.

विजेचं थोडक्यात : एसी, प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर यांना वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग तपासून. २२ हजार. बिलावरचा मंजूर भार आधी वाचा. कमी असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

शेवटी आतला आवाज. डिसेंबरमध्ये जे आधी केलं ते खरं म्हणजे आता करायचं होतं. बोर्डाच्या उघड्या खोलीत टाळी वाजवली की झणझणत परत येत होती. शंभर वर्षांहून आधी, १८९५ मध्ये, हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात : घुमण्याचे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले शोषणारं क्षेत्रफळ. आमची आतली खोली उरली ४३ घनमीटर. मला ०.३५ सेकंद हवे होते, म्हणजे सुमारे वीस चौरस मीटरइतकं शोषण. गालिचा (१२ हजार), सोफा आणि माणसं धरून उरलेल्यासाठी दहा पॅनेल घरीच केले. चार बाय दोनची लाकडी चौकट, आत ५० मिलिमीटर रॉकवूल, वर कापड. कापड गांधीबागेच्या कापड बाजारात घेतलं. निवडायची रीत : कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, पलीकडे हाताला लागली तर घ्या. दुकानात मी फुंकत उभी, नवरा चार पावलं लांब. पॅनेल कुठे लावायचे त्यासाठी आरसा. मी सोफ्यावर, नवरा भिंतीला आरसा धरून सरकतोय. जिथे आरशात स्पीकर दिसला तिथे पॅनेल. एकूण १९ हजार.

एका जागी मात्र खालचा सूर फुगायचा, नेमका सोफ्यावर. खोलीची लांबी ४.८५ मीटर, म्हणजे ३५ हर्ट्झच्या आसपासचा सूर मागच्या-पुढच्या भिंतींमध्ये अडकतो. त्याची लांबी दहा मीटरच्या जवळ. दोन इंची पॅनेल त्याला काय करणार? सोफा दीड फूट पुढे ओढला. फुकट उपाय, आणि चाललाही.

८ जूनच्या शनिवारी रात्री दहाला शेवटची मोजणी. आत ८५, ताईंकडे ३३, आणि आमच्याकडचं सगळं बंद केल्यावरही त्यांच्याकडे ३२. खालच्या आजोबांना मोठ्या स्फोटाला अजून हलकं धप् ऐकू येतं. सबवूफर तीन डेसिबल खाली आणला आहे आणि दहानंतर तो बंदच ठेवते. एकूण खर्च ३ लाख २० हजार, त्यात फोमचे साडेअठरा हजार धरलेले नाहीत. अनामत ३ ऑगस्टला परत मिळाली, जिन्याच्या टाइलचा कोपरा उडाल्याचे दोन हजार कापून.

जूनच्याच शेवटी एका रात्री मोबाइल थरथरला. ताईंचे सात मिस्ड कॉल. "दहा मिनिटांपासून बेल वाजवून राहिली! शिरा आणला होता, थंडगार झाला." आम्ही दोघं आत, सिनेमा चालू, बेलचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून बेलला जोडलेला लाल दिवा पडद्याशेजारी लावला, साडेसहाशे रुपये. त्याची वायर आता रंगवलेल्या भिंतीवरून, दाराच्या गॅस्केटला वळसा घालून, सगळ्यांना दिसेल अशी गेली आहे. बोर्ड लागण्याआधी टाकून ठेवा ती.